संसार मोडला, गाणी राहिली : जॉर्ज जोन्सची प्रेमगीतं आणि युगलगीतं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. व्याख्यानात ऐकवलेल्या ध्वनिमुद्रणांच्या जागा कंसात दाखवल्या आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी आम्हाला विचारलं की अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली गाणी आपल्याला कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कंट्री संगीत म्हटलं की जुन्या पिढीला एकच नाव आठवतं, जिम रीव्ह्ज. त्याच्या तबकड्या भारतात खूप चालल्या. मऊ, मखमली आवाज, कुठे खरखर नाही. पण खुद्द अमेरिकेतल्या कंट्री गायकांना विचारलं की तुमच्यातला सगळ्यात मोठा गाणारा कोण, तर त्यातले बरेच जण दुसरंच नाव घ्यायचे : जॉर्ज जोन्स. वेलन जेनिंग्ज हा स्वतः मोठा गायक. त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता की आम्हाला हवं तसं गाता आलं असतं, तर आम्ही सगळेच जोन्ससारखे गायलो असतो.

तर आज आपण हा माणूस ऐकणार आहोत. पण नुसतं चरित्र सांगून भागणार नाही. आपल्यापुढचा प्रश्न असा आहे : या माणसाचा संसार चार वेळा मांडला गेला आणि तीन वेळा मोडला. दारूपायी त्याने स्वतःची आणि जवळच्या माणसांची वाताहत केली. आणि तरी एकनिष्ठ प्रेमावरचं कंट्रीतलं सगळ्यात गाजलेलं गाणं त्याच्याच गळ्यातून आलं. हे कसं झालं? आणि ते गाणं ऐकताना आपण त्या वाताहतीचं काय करायचं?

टेक्सासच्या रानातला मुलगा

जॉर्ज जोन्सचा जन्म १२ सप्टेंबर १९३१ चा, टेक्सासमधल्या साराटोगा गावचा. आग्नेय टेक्सासचा हा भाग घनदाट झाडीचा, ‘बिग थिकेट’ या नावानेच ओळखला जातो. कुटुंब मोठं, परिस्थिती बेताची. आई क्लारा धार्मिक वळणाची, चर्चमध्ये पियानो वाजवणारी. वडील कष्टाळू, पण थोरली मुलगी तापाने गेली आणि ते दारूला लागले ते लागलेच.

जोन्सने पुढे स्वतःच सांगितलेली एक आठवण आहे. वडील रात्री उशिरा पिऊन घरी यायचे, झोपलेल्या पोराला उठवायचे आणि म्हणायचे, गा. नाही गायलं तर मार. आता बघा, गाणं या मुलाला कसं मिळालं. एकीकडे आईच्या चर्चमध्ये भक्तीचं गाणं आणि दुसरीकडे मध्यरात्री भीतीपोटी गायलेलं गाणं. प्रेम आणि भीती त्याच्या गळ्यात एकाच वेळी शिरले. आम्ही मानसशास्त्राचे जाणकार नाही, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढणार नाही. पण पुढे त्याच्या आवाजात जो एक आवंढा ऐकू येतो, त्याच्या मागे हे घर आहे हे विसरता येत नाही.

नऊ वर्षांचा असताना त्याला पहिली गिटार मिळाली. तो बोमाँट शहराच्या रस्त्यावर गायचा, लोक पुढ्यात नाणी टाकायचे. रेडिओवर रॉय अकफ ऐकायचा, पुढे हँक विल्यम्स आणि लेफ्टी फ्रिझेल. सुरुवातीच्या तबकड्यांत तो या तिघांची नक्कलच करतो. १९५४ साली टेक्सासच्या स्टारडे कंपनीने त्याची पहिली तबकडी काढली. १९५५ मध्ये ‘व्हाय बेबी व्हाय’ चाललं, १९५९ मध्ये ‘व्हाइट लाइटनिंग’ने त्याला पहिल्यांदा कंट्रीच्या यादीत पहिला नंबर मिळवून दिला. व्हाइट लाइटनिंग म्हणजे चोरून गाळलेली हातभट्टीची दारू. (हशा) हो, सुरुवात तिथूनच आहे.

पण ही सगळी उडत्या चालीची गाणी. खरा जोन्स सापडतो तो १९६२ साली, ‘शी थिंक्स आय स्टिल केअर’मध्ये. गाण्यातला पुरुष सांगतो की तिला उगाच वाटतंय माझा जीव अजून तिच्यात आहे. मी तिच्याबद्दल विचारलं असेल, जुन्या जागी गेलो असेन, पण त्याचा काही अर्थ नाही. प्रत्येक ओळीत तो नाही म्हणतो आणि प्रत्येक ओळीत आवाज हो म्हणतो. शब्द एक सांगतात, गळा दुसरंच कबूल करतो. जोन्सच्या प्रेमगीतांची किल्ली इथे आहे. ती एकदा हाताला लागली की पुढची गाणी आपोआप उघडतात.

गळ्यात नेमकं काय होतं?

(येथे ‘शी थिंक्स आय स्टिल केअर’मधला सुरुवातीचा भाग ऐकवला.)

आता जरा बारकाईने ऐकलंत का? आपल्या कानाला ओळखीचं काहीतरी त्यात आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर तो उडी मारत नाही, घसरत जातो. आपण त्याला मींड म्हणू. आणि ओळीच्या शेवटी, एखाद्या साध्या शब्दावर, तो दोन-तीन स्वरांचा बारीक वळसा घेतो, आपल्या मुरकीसारखा. अर्थात आपली मुरकी रागाच्या शिस्तीतून येते आणि त्याची चर्चच्या व जुन्या ग्रामीण गायकीतून. दोन्ही एक नाहीत. पण ऐकायला सोपं जावं म्हणून हे शब्द वापरायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तो तोंड फार उघडत नाही. दात जवळजवळ मिटलेले, शब्द चावून आल्यासारखे. जी गोष्ट बोलायचीच नव्हती ती सुटून गेली असं वाटतं. तिसरी गोष्ट आवाजाच्या उंचीची. तो खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटत सुरू करतो आणि नेमक्या एका शब्दाला वर चढतो. सगळी ओळ तो ओरडून गात नाही. दुःखाच्या गाण्यात नवखा गायक पहिल्या ओळीपासून रडायला लागतो. हा शेवटपर्यंत रडू आवरतो, आणि त्या आवरण्याचाच आवाज आपल्याला ऐकू येतो.

त्याच्या मागे एक वाद्य सतत वाजत असतं, पेडल स्टील गिटार. आडवी ठेवलेली, तारांवर पोलादी कांडी फिरवायची आणि पायाखालच्या पट्ट्या दाबून स्वर ओढायचा. या वाद्याचा स्वरही सरळ येत नाही, सरकत येतो. त्यामुळे गायक एक ओळ गातो आणि वाद्य ती पुन्हा हुंदक्यासारखी म्हणतं. कंट्रीत या वाद्याला ‘रडणारं’ का म्हणतात ते यावरून लक्षात येईल.

युगलगीत म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे युगलगीत म्हटलं की सिनेमा आठवतो. पडद्यावर नायक-नायिका, मागे पार्श्वगायक. गाणारे दोघे खऱ्या आयुष्यात एकमेकांचे कोण, याच्याशी ऐकणाऱ्याला देणंघेणं नसतं. कंट्रीत तसं नाही. तिथे गाणाराच पात्र असतो. स्टेजवर एक पुरुष आणि एक बाई एकाच माइकसमोर उभे राहून संसाराबद्दल गातात तेव्हा समोरचे लोक ते त्यांचंच समजतात.

म्हणून तिथे जोड्या फार. जॉनी कॅश आणि जून कार्टर हे पुढे नवरा-बायको झाले. पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टन यांचं नातं कामापुरतं. कॉनवे ट्विटी आणि लोरेटा लिन यांचे संसार वेगवेगळे, तरी लोक कित्येकदा त्यांना जोडपंच समजायचे. युगलगीताची सगळी गंमत आणि सगळा धोका या समजुतीत आहे.

जोन्सची पहिली मोठी जोडीदारीण मेल्बा मॉन्टगोमेरी. १९६३ साली त्यांचं ‘वी मस्ट हॅव बीन आउट ऑफ अवर माइंड्स’ आलं. ते मेल्बानेच लिहिलं होतं. एकमेकांना सोडून दुसरीकडे गेलेले दोघं म्हणतात, आपली मती फिरली होती की काय! मेल्बाचा आवाज डोंगराळ भागातल्या बायकांसारखा टणक, सरळ. जोन्सचा वळणावळणाचा. एक सूत ताणून धरतो आणि दुसरा त्याच्याभोवती वेढे घेतो. आमच्या मते निव्वळ गाण्याच्या दृष्टीने ही त्याची सगळ्यात तोलाची जोडी. पण इतिहासाने लक्षात ठेवली ती पुढची.

‘मिस्टर अँड मिसेस कंट्री म्युझिक’

टॅमी वायनेट. मूळ नाव व्हर्जिनिया वायनेट प्यू, जन्म १९४२, मिसिसिपी राज्यातला. लहानपण कापसाच्या शेतात. केशरचनेचं काम शिकलेली, मुलींना घेऊन नॅशव्हिलला आलेली. तिथे तिला निर्माता भेटला बिली शेरिल. १९६८ मध्ये तिची दोन गाणी आली. एक ‘डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई’, म्हणजे घटस्फोट हा शब्द मुलाला कळू नये म्हणून त्याची एकेक अक्षरं सुटी उच्चारणारी आई. आणि दुसरं ‘स्टँड बाय युअर मॅन’, नवऱ्याच्या पाठीशी उभी राहा असं सांगणारं. एकाच वर्षात एकाच बाईच्या तोंडून दोन्ही! तिचं पुढचं सगळं आयुष्य या दोन गाण्यांच्या मधे गेलं म्हणा ना.

जोन्स आणि टॅमीचं लग्न फेब्रुवारी १९६९ मध्ये झालं. १९७० मध्ये मुलगी झाली. फ्लोरिडातल्या लेकलंडला त्यांनी स्वतःचं गाण्याचं उद्यान काढलं. १९७१ मध्ये जोन्स एपिक या कंपनीत आला, म्हणजे टॅमीच्याच कंपनीत, शेरिलच्याच हाताखाली. आता नवरा-बायको अधिकृतपणे एकत्र गाऊ शकत होते. दोघांच्या बसवर अक्षरं रंगवलेली : ‘मिस्टर अँड मिसेस कंट्री म्युझिक’.

बिली शेरिलबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण या कथेतला तिसरा माणूस तो आहे. अलाबामातल्या धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याची ध्वनिमुद्रणाची पद्धत अशी : सुरुवात अगदी लहान आवाजात, एखादी गिटार आणि गायक. मग हळूहळू व्हायोलिनं, सहगायक, आणि धृपदाला सगळं एकदम उसळून येतं. जुन्या मंडळींना ते आवडलं नाही. कंट्रीला रेशमी कपडे घातले, अशी त्यांची तक्रार. पण जोन्सच्या गळ्याला त्याचा फायदा झाला. त्या उसळण्यासाठी आधी शांतता लागते, आणि त्या शांततेत जोन्सचा खालचा आवाज प्रथमच नीट ऐकू आला.

आता या जोडप्याची गाणी आणि संसार शेजारी शेजारी ठेवून पाहू.

१९७१. पहिलं युगलगीत ‘टेक मी’. हे गाणं जोन्सने लिओन पेन या अंध गीतकाराबरोबर लिहिलेलं आणि काही वर्षांपूर्वी एकट्याने गायलेलं. आता तेच दोघांच्या तोंडी आलं, आणि एकट्याची विनवणी दोघांची शपथ झाली.

१९७२. ‘द सेरेमनी’. यात चक्क लग्नविधीच आहे. धर्मगुरूचा आवाज येतो आणि दोघं वचनं देतात. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. खऱ्या जोडप्याने खरं लग्न पुन्हा लावलं असं त्यांना वाटलं. पण घरात तोवर दारूने ठाण मांडलं होतं.

१९७३. टॅमीने घटस्फोटाचा अर्ज केला, मग समेट झाला आणि त्याच वर्षी ‘वी आर गॉना होल्ड ऑन’ आलं. आपण एकमेकांना धरून राहू, असा आशय. जोन्सने ते अर्ल मॉन्टगोमेरीबरोबर लिहिलं होतं, म्हणजे आपल्या मेल्बाच्या भावाबरोबर. या जोडीचं हे पहिलं अव्वल नंबरचं गाणं. वर्तमानपत्रात वाचलेला समेट लोकांनी तबकडीच्या रूपाने घरी नेला.

१९७५. घटस्फोट झाला. इथे गोष्ट संपायला हवी, नाही का?

घटस्फोटानंतरचा पहिला नंबर

१९७६ साली या जोडीचं ‘गोल्डन रिंग’ आलं आणि पहिल्या नंबरावर गेलं. पाठोपाठ ‘नियर यू’, १९४७ सालातली जुनी लोकप्रिय चीज, तीही पहिल्या नंबरावर. म्हणजे नवरा-बायको असताना एक अव्वल गाणं आणि वेगळे झाल्यावर दोन! (हशा) हसू येतं खरं, पण त्यात एक कडवट हिशेबही आहे. कंपनीला माहीत होतं की लोकांना हे दोघं वेगळे व्हायला नको होते. मोडलेलं लग्न तबकडीवर पुन्हा लागत होतं आणि विकलं जात होतं. या बाजारात दोघांनीही आपापला वाटा उचलला, हे आपण विसरू नये.

पण ‘गोल्डन रिंग’ हे नुसतं बाजारू गाणं नाही. त्याची रचना पाहा. बॉबी ब्रॅडॉक आणि रेफ व्हॅन हॉय यांनी ते लिहिलं. एक पिस्तूल हातोहात फिरतं अशी टीव्हीवरची एक कथा ब्रॅडॉकने पाहिली होती, त्यावरून त्याला सुचलं की पिस्तुलाऐवजी अंगठी फिरली तर? गाणं शिकागोमधल्या एका दुकानात सुरू होतं. गहाण पडलेल्या वस्तू विकणारं दुकान. एक गरीब जोडपं काचेमागची अंगठी बघतं. मग छोट्या चर्चमधलं लग्न. मग लहानशा भाड्याच्या घरातलं भांडण आणि अंगठी काढून ठेवणं. आणि शेवटी अंगठी पुन्हा त्याच दुकानात, काचेमागे, वाट बघत.

इथे दोष कुणाचा हे गाणं सांगत नाही. त्याची बाजू, तिची बाजू असा निवाडा करत नाही. साऱ्या संसाराची गोष्ट एका निर्जीव वस्तूच्या बाजूने सांगितली आहे. अंगठी म्हणजे नुसता धातूचा तुकडा, माणसं तिच्यात जे घालतात तेवढंच तिचं मोल, हा त्यातला विचार. आणि ते कोण गातंय? ज्यांच्या बोटांतल्या अंगठ्या वर्षभरापूर्वी उतरल्या ते दोघं. आम्हाला वाटतं, हे गाणं टिकलं ते बातमीमुळे नव्हे, या बांधणीमुळे. बातमी केव्हाच शिळी झाली. जोन्स-वायनेट कोण हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाही ती अंगठी कळते.

१९८० मध्ये दोघं पुन्हा एकत्र गायले, तेव्हा ‘टू स्टोरी हाउस’ आलं. इंग्रजीत ‘स्टोरी’ म्हणजे मजला आणि ‘स्टोरी’ म्हणजे गोष्ट. गरिबीत सुरुवात केलेल्या जोडप्याने मोठं दुमजली घर बांधलं, पण आत प्रेम उरलं नाही. आता त्या घरात दोघांच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंट्रीतली शब्दश्लेषाची आवड आपल्या लोकगीतांच्या रसिकाला परकी वाटणार नाही. हे गाणं लिहिणाऱ्यांत टॅमी स्वतः होती.

रिकाम्या घराची फेरी

आता परत एकट्या जोन्सकडे येऊ. १९७४ साली, म्हणजे लग्न मोडण्याच्या उंबरठ्यावर, त्याने ‘द ग्रँड टूर’ गायलं. एक माणूस पाहुण्याला घर दाखवतोय, इतकंच गाणं. ही खुर्ची, इथे ती बसायची. हा पलंग. हे कपाट, तिचे कपडे अजून आत आहेत. आणि शेवटी पाळण्याची खोली. बायको मूल घेऊन गेली आहे. तो ‘मी दुःखी आहे’ असं म्हणत नाही, घर दाखवतो. आपल्याकडेही माणूस गेल्यावर घरातली मंडळी आलेल्याला त्याचा चष्मा, त्याची काठी दाखवतात. तेच हे.

या गाण्याच्या तीन लेखकांपैकी एक होता जॉर्ज रिची. पुढे १९७८ मध्ये टॅमीने ज्याच्याशी लग्न केलं तो हाच रिची. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा अतिच होतंय. (हशा)

घटस्फोटानंतरची जोन्सची वर्षं फार वाईट. दारूला कोकेनची जोड मिळाली. दिवाळखोरी झाली. कार्यक्रम ठरायचे, तिकिटं विकली जायची आणि हा यायचाच नाही. एकट्या १९७९ सालात त्याने ५४ कार्यक्रम बुडवले असं सांगतात. लोकांनी नाव पाडलं ‘नो शो जोन्स’. त्याच्याबद्दल गमतीने सांगितला जाणारा एक किस्सा आहे. साठच्या दशकात दुसऱ्या बायकोने, शर्लीने, गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या, तर हा अंगणातल्या गवत कापायच्या यंत्रावर बसून मैलोगणती दूर दारूच्या दुकानाला गेला. लोक हा किस्सा हसत हसत सांगतात, त्यानेही सांगितला. आम्हाला मात्र त्या किल्ल्या लपवणाऱ्या बाईची आठवण येते. तिच्यावर कुणी गाणं केलं नाही.

मरेपर्यंत प्रेम करणारा माणूस

आणि याच अवस्थेत ते गाणं आलं. ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’. लेखक दोघे : बॉबी ब्रॅडॉक, अंगठीवाला, आणि कर्ली पुटमन. टॅमीचं ते अक्षरं सुटी करून सांगणारं घटस्फोटाचं गाणं याच दोघांनी लिहिलं होतं.

शीर्षकाचा अर्थ असा की आज त्याने तिच्यावर प्रेम करणं थांबवलं. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, विसरला एकदाचा. गाणं सांगत जातं : त्याने म्हटलं होतं, मरेपर्यंत प्रेम करीन. जुनी पत्रं जपली, तिचा फोटो भिंतीवर. आणि मग हळूच उलगडतं की आज तो गेला. प्रेम थांबलं कारण श्वास थांबला. शेरिलने लेखकांकडून हे गाणं पुन्हा पुन्हा लिहून घेतलं. ती बाई शेवटी त्याच्या अंत्यविधीला येते, हा भाग हवाच असा त्याचा आग्रह होता. तो भाग गायलेला नाही, बोललेला आहे.

ध्वनिमुद्रणाला वर्षाहून जास्त काळ लागला. जोन्सला गाणं आवडलंच नव्हतं. असलं मयताचं गाणं विकत कोण घेणार, असं त्याचं म्हणणं, आणि त्यावर त्याने शेरिलशी पैज लावली. शिवाय तो चाल सारखी चुकायचा. क्रिस क्रिस्टॉफरसनच्या एका प्रसिद्ध गाण्याची चाल त्याच्या तोंडी यायची. सगळ्यात अवघड गेला तो बोलण्याचा तुकडा. नशेत असताना जोन्स गाऊ शकायचा, पण बोलताना जीभ अडखळायची. सुरांमध्ये तो सावरलेला असायचा, सुरांबाहेर नाही. त्याच्या साऱ्या आयुष्याबद्दल हेच म्हणता येईल.

(येथे गाण्याचा शेवटचा भाग ऐकवला.)

ऐकलंत? व्हायोलिनं जिना चढल्यासारखी वर जातात, जणू आत्मा वर निघाला. एवढ्या भडक वाद्यमेळात दुसरा गायक असता तर गाणं नाटकी झालं असतं. जोन्स मात्र सुरुवातीला जवळजवळ बातमी दिल्यासारखा गातो. गोष्ट दुसऱ्याची आहे, ‘त्याची’ आहे, आणि सांगणारा मित्र आहे. हे तृतीय पुरुषी सांगणं फार महत्त्वाचं. ‘मी’ म्हटलं असतं तर तक्रार झाली असती. ‘तो’ म्हटल्यामुळे ती साक्ष होते.

१९८० च्या उन्हाळ्यात गाणं पहिल्या नंबरावर गेलं. सहा वर्षांत एकट्याच्या नावावरचं त्याचं हे पहिलं अव्वल गाणं. ग्रॅमी मिळालं. कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार लागोपाठ दोन वर्षं मिळाला. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत त्याची नोंद केली. जोन्सने १९९६ च्या आत्मचरित्रात कबूल केलं की चार दशकांची कारकीर्द तीन मिनिटांच्या एका गाण्याने वाचवली.

दारू मात्र गाण्याने सुटली नाही. १९८३ मध्ये त्याने नॅन्सीशी लग्न केलं आणि तिने व्यवहार हातात घेतला. तरी दारू पूर्णपणे सुटली ती मार्च १९९९ मधल्या मोटार अपघातानंतर, जेमतेम जीव वाचल्यावर. गाणं माणसाला वाचवतं असं आपण सहज म्हणतो. इथे गाण्याने कारकीर्द वाचवली. माणूस वाचवायला एक बाई आणि एक अपघात लागला.

शेवटाकडे

१९९५ मध्ये जोन्स आणि टॅमीने ‘वन’ नावाचा शेवटचा संग्रह केला आणि एकत्र दौराही केला. १९९८ मध्ये टॅमी गेली, पंचावन्नाव्या वर्षी. जोन्स २६ एप्रिल २०१३ ला नॅशव्हिलमध्ये गेला. तेव्हा त्याचा निरोपाचा दौरा चालू होता. दौऱ्याचं नाव ‘द ग्रँड टूर’, रिकाम्या घराच्या त्याच गाण्यावरून. अंत्यविधी ग्रँड ओल ऑप्रीच्या सभागृहात झाला. तिथे अॅलन जॅक्सनने ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ गायलं. आता त्या गाण्यातला ‘तो’ खरोखरच समोर होता. जोन्स आणि टॅमी दोघंही नॅशव्हिलच्या एकाच दफनभूमीत आहेत, वेगवेगळ्या जागी.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : ज्याने बायकोला सुखाने नांदू दिलं नाही, त्याच्या तोंडून निष्ठेचं गाणं ऐकणं म्हणजे ढोंगाला दाद देणं नाही का?

उत्तर : हा प्रश्न कुणी विचारला नसता तर आम्हालाच विचारावा लागला असता. टॅमीने १९७९ च्या आत्मचरित्रात दारूच्या नशेतल्या त्याच्या हिंसेबद्दल लिहिलं. त्यातल्या काही गोष्टी त्याने पुढे नाकारल्या. पण आपण संसार उद्ध्वस्त केले हे त्याने नाकारलं नाही. तेव्हा गाणं चांगलं म्हणून माणसाला सूट द्यायची, हे आम्हाला मान्य नाही. आवाजाला दाद द्यावी आणि हिशेब वेगळा ठेवावा.

मात्र ढोंग हा शब्द आम्ही वापरणार नाही. ढोंगी माणूस आपल्याकडे नसलेली गोष्ट असल्यासारखी दाखवतो. जोन्सची गाणी नीट ऐका : त्यात निष्ठा मिळवल्याचा आनंद कुठे आहे? रिकामं घर आहे, परत दुकानात गेलेली अंगठी आहे, मेल्यावर सुटलेला माणूस आहे. जे त्याला जमलं नाही त्याची किंमत त्याला अचूक ठाऊक होती. ती किंमत तो सांगतो. एवढंच, पण ते खोटं नाही.

प्रश्न : आम्हाला इंग्रजी उच्चार पटकन कळत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी ‘शी थिंक्स आय स्टिल केअर’. मग मेल्बाबरोबरचं, म्हणजे दोन आवाजांचा तोल कळेल. मग ‘गोल्डन रिंग’. गोष्ट आता तुम्हाला माहीत आहे, शब्द सुटले तरी चालतील. ‘द ग्रँड टूर’ रात्री ऐका, घरात सामसूम झाल्यावर. आणि शेवटचं गाणं शेवटीच ऐका. पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा फक्त तो बोलायला लागतो ती जागा ऐका. चार साधी वाक्यं आहेत, पण ती नीट बोलता यावीत म्हणून एका माणसाला वर्षाहून जास्त काळ लागला.